सरलाच्या पंगतीतले तीन फॉरवर्ड

माझी बहीण सरला हिला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला मी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून समजावलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "दादा, झालं असेल तर वाट्या जागेवर ठेव." आणि ह्या बाईने झाशीच्या एका पगारी संघाची आघाडीची फळी सुधारली. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचत आलोय, पण मला कुणी विचारलं नाही. ह्याचा मला अजूनही राग येतो.

आमचं घराणं झाशीतलं जुनं. पूर्वज इथे दफ्तर सांभाळायला आले, आणि मी रामकृष्णही कलेक्टर कचेरीत दफ्तरच सांभाळून निवृत्त झालो. अडीचशे वर्षांत आमची तेवढीच प्रगती. सरलाचे यजमान मधुसूदनराव मात्र साताऱ्याचे, इंजिनियर. इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, आमची सरला पटकावली, सिव्हिल लाइन्समध्ये घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता गेले.

त्यानंतर सरलाने स्वयंपाकच सोडला. जिने पंचवीस वर्षं आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं वाढप सांभाळलं, ती बाई दोन्ही वेळा चहात टोस्ट बुडवून खायची. "एकटीसाठी कुकर लावायला हात उठत नाही रे," म्हणायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तिची मुलगी अनुया पुण्याहून रोज फोन करायची, आई इकडे ये. सरला म्हणायची, पुण्यात येऊन करू काय, लिफ्टमधून वरखाली?

अशात आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा मंदार नागपूरहून इथे आला. टाइल्सच्या एका बड्या व्यापाऱ्याला, त्याला सगळे सेठजी म्हणतात, हौस आली आणि त्याने 'बेतवा फुटबॉल क्लब' काढला. अठरा पोरं पगारावर ठेवली आणि मंदारला कोच नेमलं. पोरांची राहायची सोय सरलाच्याच गल्लीत. महिन्याभरात त्यांचा आचारी बरुआसागरला लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मंदार मावशीकडे जेवायला आला, दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आला, आणि आठवड्यात सरलाच्या व्हरांड्यात दोन लांब टेबलं लागली नि अठराच्या अठरा पोरं जेवायला बसली.

सरलाच्या अंगात परत वारं शिरलं. गोलकीपर नऊ पोळ्या खातो, त्याला भेंडी चालत नाही. कोल्हापूरच्या तेजसला तिखट कमी पडतं. मिझोरमचा रुआता पहिल्या दिवशी वरणाकडे संशयाने बघत होता, आता वाटी तोंडाला लावून पितो. चिरगाँवचा अजय कधीही दुसऱ्यांदा मागत नाही, त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवावं लागतं. हे सगळं तिला पाठ. तिचा एकच नियम होता, हाताने कुणी वाढून घ्यायचं नाही. तिने वाढायचं आणि पोरांनी खायचं. बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या.

खेळाच्या नावाने मात्र बोंब होती. नऊ सामने, दोन गोल. त्यातला एक समोरच्या संघाने स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. बचाव चांगला, गोलकीपर बरा, पण पुढे चेंडू गेला की संपलं. अजय, तेजस आणि रुआता हे तीन फॉरवर्ड. तिघंही पळायला जोरदार, आणि तिघंही गोलसमोर पोचले की अनोळखी लग्नात आल्यासारखे उभे राहायचे. झाशी हे हॉकीचं गाव, त्यामुळे पानाच्या टपरीवर रोज सल्ला मिळायचा की पोरांच्या हातात काठ्या द्या, गोल आपोआप होतील.

मंदार लॅपटॉप उघडून बसायचा. त्यात मैदानाची चित्रं, बाण, टक्केवारी. मीही गप्प बसलो नाही. चार पानी टिपण लिहिलं, मुद्देसूद: नवा फॉरवर्ड आणावा, अजयला बसवावं, तेजसला डावीकडून उजवीकडे न्यावं. मंदारने "वा मामा" म्हणून ते घेतलं आणि लॅपटॉपचं टेबल हलत होतं त्याच्या पायाखाली घडी करून सरकवलं. नागपूरची माणसं गोड बोलतात, ह्यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही.

मग सेठजींनी निरोप धाडला. दोन सामने उरलेत. त्यातला एक तरी जिंकला पाहिजे, नाहीतर संघ खालच्या गटात जाणार. आणि खालच्या गटातला संघ मला नको, क्लब बंद, पोरं आपापल्या घरी.

मंदारने हे जेवायच्या वेळेला सांगितलं. पोरं माना खाली घालून जेवत राहिली. सरला पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. पोरं गेल्यावर मला म्हणाली, "म्हणजे मी परत टोस्टवर." मी काहीतरी समजूत काढायला गेलो तर म्हणाली, "उगाच बोलू नकोस दादा. ही पोरं गेली तर मी जेवणार नाही, मला माहितीये. उद्या मला मैदानावर ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सरावाला घेऊन गेलो. छत्री उघडून ती बाकावर बसली आणि अर्धा तास सराव बघत राहिली. मग मंदारला हाक मारली.

"मंदार, तुझी ही तिघं एकाच पानापाशी का गर्दी करतात?"

"कोणतं पान, मावशी?"

"अरे, चेंडू एकाकडे आला की दुसरे दोघं त्याच्या अंगावर येऊन उभे. एकाने भात वाढताना दुसऱ्याने वरण घेऊन त्याच्या खांद्यावर चढायचं का? आणि तो तेजस चेंडू देतो तो अजय जिथे उभा आहे तिथे. तो पुढे जाणारे ना? मग पुढे दे. आणि अजय. त्याचे दोन फटके फुकट गेले, आता बघ, त्या उंच पोराच्या पाठीमागे लपलाय. घरी ताटावर पण असाच करतो."

मी हसलो. मंदारही हसला, पण मी जास्त हसलो, हे कबूल करतो. सरला छत्री मिटून उठली. "शनिवारी मंडळाचा महाप्रसाद आहे," ती म्हणाली. "ह्या तिघांना वाढायला पाठव. नाही पाठवलंस तर सोमवारपासून सगळ्यांनी बाहेर जेवा." मंदार भांडणार कसा? त्यालाही भूक लागते.

शनिवारी तिघं आले. खांद्यावर पंचे, कपाळाला गंध, खाली खेळायची अर्धी चड्डी, कारण दुसरं धुतलेलं काही नव्हतं. पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, एका पंगतीला ऐंशी माणसं. सरलाने कामं वाटली: रुआताकडे भात, तेजसकडे वरण, अजयकडे जिलबी. नियम हिंदीत सांगितले. माणसाकडे बघायचं नाही, पानाकडे बघायचं. रिकामं झालेलं पान हा आपला अपमान, तेव्हा रिकामं होत आलेलं शोधायचं. आणि भाताच्या मागे वरण तीन पानं सोडून चालेल. जवळ आलात तर धडकाल, लांब राहिलात तर माणूस कोरड्या भाताकडे बघत बसेल.

पहिल्या पंगतीत जे झालं ते मी विसरणार नाही, कारण माझा नवा कुडता त्यात गेला. तेजस रुआताच्या पाठीला चिकटून चालला होता. रुआता भात वाढायला वाकला, तेजसचं ओगराळं त्याच्या कमरेला आपटलं आणि गरम वरण माझ्या खांद्यावरून आत गेलं. शेजारी गोविंदराव बसले होते, मंडळाचे अध्यक्ष, वय एक्क्याऐंशी. त्यांनी माझ्याकडे बघून "तूप घ्या वर," असं म्हटलं. ह्या माणसाशी माझं चाळीस वर्षं पटत नाही.

पण खरा घोटाळा जिलबीचा झाला. अजय परात घेऊन गोविंदरावांसमोर आला. "जलेबी, दादाजी?" गोविंदरावांनी रीतीप्रमाणे पानावर दोन्ही हात आडवे धरले. "नको, नको." अजय म्हणाला, "ठीक है दादाजी," आणि पुढे गेला. मी सवयीने नको म्हटलं, तो पुढे गेला. माझ्या पलीकडच्याने नको म्हटलं. अशी ऐंशी माणसं ऐंशी वेळा नको म्हणाली आणि भरली परात जशीच्या तशी स्वयंपाकघरात परत गेली.

आता सगळी पंगत गप्प. जिलबी समोरून गेलेली प्रत्येकाने पाहिली होती, आणि मागायची कुणी? आमच्यात मागत नाहीत. बायका एकमेकींकडे बघताहेत, पुरुष ताकाचे घोट घेताहेत. शेवटी गोविंदराव उठले, हात धुतले आणि सरलासमोर उभे राहिले. "यंदा जिलबी केली नाही वाटतं," म्हणाले.

सरला आत गेली. परात बघितली, अजयला बघितलं.

"कितनी बार पूछा?"

"एक बार, मौसीजी. सबने मना कर दिया."

"अरे बेटा, पहली बार मना करना रिवाज है. दूसरी बार शरम. तीसरी बार आदमी जो बोले, वो सच होता है."

अजय विचारात पडला. "और तीसरी बार भी मना किया तो?"

"तो सचमुच पेट भरा है. तब आगे जाओ. उसके पहले तुम किस बात से डर के भागे?"

अजयचे कान लाल झाले. मी दारात कुडता पिळत उभा होतो, मला दिसले.

दुसऱ्या पंगतीला गोविंदराव पुन्हा पाटावर. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनीच खुलासा केला की मघाशी आपण नुसती व्यवस्था बघायला बसलो होतो. ह्या वेळी रुआता भात घेऊन निघाला, आणि तेजस मोजून तीन पानं मागे. हळूहळू त्यांना लय सापडली. रुआता मागे न बघता पुढे सरकायचा, वरण येणारच हे त्याला आता माहीत होतं. अजय गोविंदरावांसमोर वाकला. नको. परत विचारलं. "नको म्हटलं ना." अजयने तिसऱ्यांदा विचारलं, आणि गोविंदरावांनी हात असे बाजूला घेतले की पान नाही, गेट उघडलं. नऊ जिलब्या खाल्ल्या त्यांनी. मंदार खांबाला टेकून बघत होता. लॅपटॉप नव्हता, म्हणून त्याने तळहातावर पेनने काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी सरावाला मैदानावर उरलेल्या पत्रावळी मांडल्या. तिघांनी चेंडू घेऊन निघायचं आणि आपापसात तीन पानांचं अंतर ठेवायचं. दोघं चिकटले की मंदार ओरडायचा, "वरण सांडलं!" दुसऱ्या दिवशी एक गाय आली आणि सगळं नियोजन खाऊन गेली. तोवर पोरांच्या पायात अंतर बसलं होतं. तेजस आता अजयच्या पुढे चेंडू टाकायला लागला आणि अजय तिथे पोचायला लागला.

पहिला सामना बाहेरगावी झाला. दोन-दोन बरोबरी. एका सामन्यात दोन गोल म्हणजे आमच्यासाठी दिवाळीच, पण सेठजींना विजय हवा होता. तो दाखवायला आता एकच सामना हातात राहिला, इथला, झाशीतला.

त्या दिवशी सरलाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गोविंदराव मंडळाची तीस माणसं घेऊन आले, चकल्यांचे डबे घेऊन, सहल असल्यासारखे. मी मध्यावर जागा धरली. सामना चांगला चालला होता, फक्त गोल होत नव्हता. मध्यंतरानंतर तेजसने पुढे काढून दिलेला चेंडू अजयने बाहेर मारला. लोक हळहळले. मग दहा मिनिटांनी रुआताने डावीकडून आणून दिला, समोर एकटा गोलकीपर, आणि अजयने तो थेट त्याच्या हातात दिला. आता मागून शिव्या सुरू झाल्या, बुंदेलीत, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

सरलाने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. "मला बघवत नाही," म्हणाली. "तो लपला का रे?"

मी बघितलं. अजय लपला नव्हता. त्या उंच बचावपटूच्या पुढे येऊन उभा होता आणि हात वर करून चेंडू मागत होता. सरावात एवढं उन्हात उभं राहूनसुद्धा मी त्याला असं मागताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या टिपणात मी त्याला बसवा म्हणून लिहिलं होतं, त्याची मला लाज वाटली.

सामना संपायला आठ मिनिटं होती. अजय तिसऱ्यांदा घुसला. जोरात मारला, गोलकीपरने आडवं पडून हाताने अडवला, चेंडू परत मैदानात आला, आणि तिथे तेजस होता. बरोब्बर तीन पानं मागे. त्याने नुसता पाय लावला.

"झालं का?" सरला डोळे मिटून विचारत होती.

"झालं."

"अजयने?"

"तेजसने."

"मग माझ्या हातावर पाणी कशाला पडतंय?"

गोविंदराव तिच्या मागे उभं राहून रडत होते. मीही फार कोरडा नव्हतो. एक-शून्यने जिंकलो. सेठजींनी संध्याकाळी पेढे धाडले आणि क्लब चालू राहणार असं कळवलं. सरलाने त्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून जेवण केलं, दोनदा भात घेतला.

आठवड्याने कोलकात्याहून मंदारला फोन आला. तिथल्या एका मोठ्या क्लबचा माणूस त्या सामन्याला आला होता. त्याला गोल मारणारा नको होता. दोन चुकवून तिसऱ्यांदा घुसणारा हवा होता. अजयला घेऊन जायचं म्हणत होते.

अजयने साफ नाही सांगितलं. इथे सगळे आपले आहेत, मौसीजी आहेत, मला नाही जायचं. सरलाने ते ऐकलं आणि त्या दुपारी बासुंदी केली. इतकी खूश मी तिला मधुसूदनरावांच्या पश्चात पाहिली नव्हती, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. "सरला, त्या पोराचं नशीब दारात आलंय आणि तू बासुंदी ढवळतेयस," मी म्हणालो. तिने डाव ओट्यावर आपटला. दोन दिवस माझ्याशी अबोला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने अजयला थांबवून घेतलं. मी तिथेच सुपारी कातरत होतो, मला कुणी जा म्हटलं नाही.

"कलकत्ता जाना है?" तिने विचारलं.

"नहीं, मौसीजी."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "जाना है?"

"नहीं ना, मौसीजी. मैं यहीं ठीक हूँ."

तिथे तिने थांबायला हरकत नव्हती. मी मनात म्हणालो, थांब आता, झालं की दोनदा. पण पंचवीस वर्षांचं वाढप होतं ते, हातातलं सुटणार कसं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू आवाजात. अजयने मान खाली घातली आणि मग म्हणाला, "हाँ." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. सरलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बरोबर काय काय बांधून हवं ते विचारायला लागली.

रविवारी दुपारच्या गाडीने तो गेला. डबा दिला, चिवडा दिला, लोणच्याची बरणी त्याने बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली. गाडी हलेपर्यंत सरला हसत होती, अगदी हात हलवून. स्टेशनबाहेर आम्ही ई-रिक्षात बसलो. इलाइट चौराहा आला तशी सरला माझ्याकडे वळली.

"दादा," मग म्हणाली, "हे सगळं मी कशासाठी केलं? पोरं जाऊ नयेत म्हणून. आणि हा गेला तो माझ्यामुळे."

"हो," मी म्हणालो. "तुझ्यामुळेच."

दुसरं खरं उत्तर नव्हतं, आणि खोटं तिने ऐकून घेतलं नसतं. ती तिथून थेट घरापर्यंत रडली, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. रिक्षावाला आरशातून बघायला लागला तेव्हा मी त्याला "भैया, सामने देखो" असं सांगितलं.